फौजीचं पत्र, फौजीची मनीऑर्डर आणि घरातल्या बाईचं नाव

ज्या बायका आत्ता भाकरी थापता थापता रेडिओ ऐकताहेत त्यांनी हात थांबवू नये, नुसते कान इकडे द्यावेत.

मागच्या महिन्यात गंगापूर तालुक्यातल्या एका गावात गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, अंगठे झाले. उठायच्या वेळी गटातल्या एका आजींनी पदराखालून एक पुरचुंडी काढली. म्हणाल्या, "ताई, तू शिकलेली आहेस. हे काय आहे ते सांग. नातू म्हणतो भंगारात देऊ." पुरचुंडीत एक पितळेसारखा सहा टोकांचा तारा होता आणि घड्या घालून घालून कडा फाटलेलं एक कार्ड. तारा आजींच्या सासऱ्यांचा. ते फौजेत होते एवढं घरात माहीत होतं. कुठे होते, कशासाठी होते, कोणाला माहीत नाही.

ताऱ्यावर मधोमध मुकुट, भोवती गोल अक्षरं. मी मोबाइलचा उजेड पाडून वाचली. इंग्रजीत लिहिलं होतं, 'द इटली स्टार'. दुसऱ्या महायुद्धात जे सैनिक इटली देशात लढले त्यांना मिळालेलं हे पदक. मागच्या बाजूला काही होतं की नाही ते कळायला मार्गच नव्हता. आजी हसून म्हणाल्या, "दर दसऱ्याला चिंच लावून घासते की मी, समईसोबत."

बायका विचारायला लागल्या. इटली कुठे आली? आपल्या गोदाकाठचा माणूस तिकडे काय करत होता? मला तेव्हा धड सांगता आलं नाही, लाज वाटली. घरी येऊन वाचलं, दोनचार जाणत्या माणसांना विचारलं. ते सगळं आज सांगते.

१९३९ च्या सप्टेंबरात युरोपात लढाई पेटली. आपल्या देशावर इंग्रजांचं राज्य. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी ३ सप्टेंबरला जाहीर करून टाकलं की हिंदुस्थानही लढाईत आहे. इथल्या कोणत्याही पुढाऱ्याला विचारलं नाही. पुढच्या सहा वर्षांत हिंदी फौज वाढत वाढत २५ लाखांपर्यंत गेली. सक्तीची भरती नव्हती, जो तो आपल्या मर्जीने गेला, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मला त्या 'मर्जी'बद्दल थोडं बोलायचं आहे. जिरायत रान, दोन वर्षं पाऊस नाही, सावकाराचं व्याज, घरात तीन भाऊ. अशा घरातला मधला भाऊ भरतीला गेला तर मर्जी कोणाची, त्याची की दुष्काळाची? कोणाला शौर्याची हौस होती, कोणाच्या घराण्याची रीत होती, हे खरं. पण बरीच पोरं पोटासाठी गेली, आणि त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या भागाची आणखी एक गंमत होती. गोदावरीच्या अलीकडे, म्हणजे गंगापूर, पैठण, वैजापूर, हा मुलूख निजामाचा. कायगाव टोक्याला नदी ओलांडली की नगर जिल्हा, तो इंग्रजांचा. आजींचे सासरे नदी ओलांडून नगरला गेले आणि तिथे त्यांनी नाव घातलं, असं आजींनी त्यांच्या सासूकडून ऐकलेलं. पलीकडचा रुपया कलदार, अलीकडचा हाली. शंभर कलदार दिले की साधारण ११६ हाली यायचे. म्हणजे फौजीचा पगार गावात आला की आपोआप थोडा फुगायचा. फौजीच्या घरी 'कलदार' येतो, याला म्हणून मान होता. जुनी माणसं अजूनही खणखणीत माणसाला कलदार म्हणतात, ते कुठून आलं ते तुम्हीच ओळखा.

आता इटली. तिथे जर्मन फौजेने ठाण मांडलं होतं. १९४३ च्या सप्टेंबरात इंग्रज-अमेरिकनांच्या फौजा दक्षिणेकडून उतरल्या आणि एकेक नदी, एकेक डोंगर ओलांडत वर सरकायला लागल्या. त्यांच्यासोबत आपल्या तीन डिव्हिजन होत्या, चौथी, आठवी आणि दहावी. पन्नास हजारांहून जास्त हिंदी सैनिक तिथे लढले. ५,७८२ जण परत आले नाहीत. मराठा पलटणीच्या बटालियन त्यात होत्याच.

त्यातल्या एका साध्या शिपायाची गोष्ट सांगते. तो आपल्याला परका नाही. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा, नाव नामदेव जाधव. जन्म नोव्हेंबर १९२१ चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये शिपाई. काम काय, तर कंपनीचा रनर. रनर म्हणजे निरोप्या. कंपनीच्या साहेबाच्या मागे राहायचं आणि साहेबाचा निरोप धावत जाऊन पुढच्या तुकडीला पोचवायचा. हुद्दा सगळ्यात खालचा.

९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ. समोर सेनिओ नावाची नदी. नदी म्हणजे केवढी? रुंदी १५ फूट, पाणी चारपाच फूट, आपल्या शिवारातल्या ओढ्याएवढी. पण दोन्ही काठांना पुरासाठी घातलेले मातीचे बांध होते, ३० ते ३५ फूट उंच, भिंतीसारखे उभे. तीन मजली घर डोळ्यांसमोर आणा. त्या बांधांच्या पोटात जर्मन सैनिकांनी उंदरासारखी बिळं करून मशिनगनी लावल्या होत्या, आणि अलीकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर सुरुंग पेरले होते. अवघड जागा होती ती पाण्यामुळे नाही, या बांधांमुळे.

जाधवांची कंपनी पाण्यात उतरली, पलीकडे निघाली, आणि मागच्या, म्हणजे अलीकडच्या काठाच्या बिळांतून गोळ्या सुरू झाल्या. ज्या काठावरून आलो त्याच काठातून पाठीवर मारा. कंपनीचा साहेब आणि दोन जवान जखमी झाले, बाजूचे बाकी सगळे मेले. धड राहिला एकटा हा निरोप्या. त्याने एका जखमीला खांद्यावर घेतलं, छातीभर पाण्यातून परत आणलं, त्या उभ्या बांधावर सुरुंगांमधून चढवलं आणि पलीकडे सुरक्षित ठेवलं. परत गेला, दुसऱ्याला आणलं. दोन्ही वेळा वरून तोफगोळे, बाजूने मशिनगन.

इथे थांबला असता तरी कोणी बोट दाखवलं नसतं. तो तिसऱ्यांदा गेला. पहिल्या बिळावर चालून जाऊन त्याने ते बंद पाडलं. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तर ती टाकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. दुसरं बीळ, तिसरं बीळ. मधे बॉम्ब संपले तर बांधावर सरपटत चढून मागच्या सोबत्यांकडून नवे घेतले. सगळ्या मशिनगनी गप्प झाल्यावर तो बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभा राहिला, मराठा पलटणीची युद्धघोषणा देत बाकीच्यांना हाताने बोलवत राहिला. त्या आवाजावर मागचे लोक नदी पार झाले. वय तेवीस. यासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इंग्रजांच्या काळातलं हे सगळ्यात मोठं शौर्यपदक. इटलीच्या लढाईत एकूण २० जणांना ते मिळालं, त्यातले सहा हिंदी फौजेतले. त्याच संध्याकाळी त्याच नदीवर अली हैदर नावाच्या दुसऱ्या शिपायानेही ते मिळवलं. फाळणीनंतर ते पाकिस्तानचे झाले. नदी एक, संध्याकाळ एक, आणि पुढे देश दोन.

इटलीतली लढाई २ मे १९४५ ला थांबली. म्हणजे त्या संध्याकाळनंतर फक्त तेवीस दिवसांनी. जाधव घरी आले, पुढे हवालदार झाले, १९८४ साली पुण्यात वारले.

पण सगळे घरी आले नाहीत. रायगड जिल्ह्यात माणगावजवळ पळसगाव आहे, तिथले यशवंत घाडगे. हेही नोव्हेंबर १९२१ चेच. मराठ्यांच्याच तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक. १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगन सुरू झाली. सोबतचे सगळे मेले नाहीतर जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले, बॉम्ब टाकून मशिनगन बंद पाडली, गोळ्या भरायला वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्यानेच उरलेल्या दोघांना पाडलं. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तिथेच कोसळले. त्यांचा देह सापडला नाही. इटलीत कॅसिनोला ज्यांची कबर नाही, दहन नाही, अशा चार हजारांवर सैनिकांची नावं दगडात कोरली आहेत, त्यात त्यांचं नाव आहे. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी, दिल्लीला जाऊन व्हाइसरॉयच्या हातून घेतला.

मी त्या प्रसंगाबद्दल बराच वेळ विचार करत बसले होते. कोकणातल्या खेड्यातली विशीबाविशीची बाई. रेल्वेने दिल्ली. समोर गोऱ्या साहेबांची रांग, बँड, कॅमेरे. हातात एक छोटी पेटी आणि तीत काळपट धातूचा क्रूस. शेवटचं तोंड पाहिलं नाही, राख नाही, अस्थी नाहीत. आपल्याकडे दशक्रिया करायची तर निदान काहीतरी लागतं. माणगावला आता घाडग्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ साली इटलीत माँटोने नावाच्या गावी त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं आहे, म्हणजे सावलीवरून वेळ दाखवणारं. बरं वाटलं वाचून. लक्ष्मीबाईंची बाजू मात्र मला कुठे सापडली नाही.

आता मोठ्या पराक्रमाचं राहू द्या. मुळात आजींच्या सासऱ्यांसारखा माणूस, ज्याला क्रॉस नाही, पुतळा नाही, तो चार वर्षं परमुलखात असताना घराला कशाने बांधलेला होता? दोन दोऱ्यांनी. एक पत्र, एक मनीऑर्डर.

पत्र म्हणायला सोपं. लिहिणाऱ्याला लिहिता येत नाही, घरच्यांना वाचता येत नाही. बराकीत एखादा लिहिता सोबती असायचा, त्याला सांगायचं. इकडे गावात पोस्टमन, मास्तर नाहीतर कुलकर्णी वाचून दाखवणार. ओसरीवर सासरा बसलेला, दीर बसलेला, चार शेजारी जमलेले, आणि बायको माजघराच्या दाराआड. सांगा, अशा पत्रात नवरा बायकोला काय लिहिणार? "घरची सर्व मंडळी खुशाल असतील, बैलाची काळजी घ्या, थोरल्याचं देणं फेडा." बायकोने त्यातून आपल्यापुरतं काय ते शोधायचं. आजींच्या सासूबाई म्हणायच्या म्हणे, "पत्रात गाईचं विचारलं की मी समजायचे, माझं विचारलं."

मधे आणखी एक वाचणारा होता, फौजेचा सेन्सॉर. कोणत्या गावी आहोत, किती माणसं मेली, असं काही पत्रात असलं तर ते खोडायचं, नाहीतर पत्रच अडवायचं, हे त्याचं काम. म्हणून सैनिकाच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं. नंबर, नाव, पलटण आणि फौजी पोस्टाचा क्रमांक, बस. आजही ज्यांची मुलं सैन्यात आहेत त्या बायकांना '५६ एपीओ' आणि '९९ एपीओ' तोंडपाठ असतं. पत्ता आहे, ठिकाण नाही.

ही रीत पहिल्या महायुद्धापासूनची, म्हणजे १९१४ ते १९१८ च्या लढाईपासूनची. तेव्हाही तेरा लाखांच्या आसपास माणसं आपल्या देशातून गेली, सैनिक आणि हमाल, भिस्ती, खेचरवाले धरून. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रं तपासायला बुलोन गावी खास कचेरी होती. तिथले कारकून पत्रं वाचून त्यातले उतारे इंग्रजीत काढून ठेवत. ते उतारे लंडनच्या ग्रंथालयात अजून आहेत. मूळ पत्रं बहुतेक गेली. म्हणजे आपल्या माणसाने आपल्या बोलीत सांगितलेलं इंग्रजी होऊन उरलं. तरी त्यातून बरंच कळतं. सैनिकही काही कमी नव्हते, सेन्सॉरला चुकवायला परवलीचे शब्द वापरायचे. एकाने लिहिलं होतं त्याचा अर्थ असा, की देशातून आलेली काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे. घरच्यांना कळायचं ते कळलं.

त्या पत्रांत आपल्यासाठी एक गोष्ट आहे. फ्रान्समध्ये पुरुष लढाईवर गेलेले आणि बायका शेत, दुकान, गोठा सगळं चालवताना या सैनिकांनी पाहिलं. पोरीबाळी शाळेत जाताना पाहिल्या. आणि बऱ्याच जणांनी घरी लिहिलं की मुलीला शाळेत घाला. जास्त करून हे पंजाबी सैनिक होते, कारण तिथे तेच जास्त होते. पण ज्या देशात मुलीला पाटी देणं अवघड होतं त्या काळात खंदकात बसलेल्या बापाला हे सुचलं. आपल्या औरंगाबादच्या छावणीशी ज्यांचं जुनं नातं, ते डेक्कन हॉर्सचे घोडेस्वारही तेव्हा फ्रान्समध्ये होते. त्यात दख्खनी मुसलमान होते. १४ जुलै १९१६ ला भाले घेऊन त्यांनी तिथे घोडे घातले, समोर मशिनगनी असताना. त्यांच्यातल्या किती जणांनी पत्रं धाडली असतील आणि कोणत्या मोहल्ल्यात ती वाचली गेली असतील, देव जाणे.

कधी कधी दोरी तुटायचीच. इराकमध्ये कुत नावाचं गाव आहे. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्की फौजेने तिथे आपल्या सहाव्या, पुणे डिव्हिजनला वेढा घातला. त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. वेढा १४७ दिवस चालला. शेवटी शेवटी दिवसाला मूठभर पीठ आणि घोड्याचं मांस. आपल्या कित्येक जणांनी, घरी जातभाई काय म्हणतील या धास्तीने, ते मांस बरेच दिवस तोंडात घेतलं नाही आणि खंगून गेले. इतक्या दूर, इतक्या उपाशीपोटी गावाचा धाक सुटला नव्हता. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि हजारो कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. घरी वर्ष वर्ष खबर नाही. कुंकू लावायचं की पुसायचं, हे कोणी सांगेना.

आता दुसरी दोरी. पहिल्या महायुद्धात शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये. दुसऱ्याच्या सुरुवातीला सोळा-अठरा रुपये, वर भत्ते. पगारातला काही भाग परस्पर घरी पाठवायची सोय होती, तिला फॅमिली अलॉटमेंट म्हणत. सैनिक कुठेही असो, दर महिन्याला पोस्टमन मनीऑर्डर घेऊन दारात. मधे महागाई इतकी वाढली की १९४३ ला धान्य, कापड, रॉकेल सगळ्याचीच ओढाताण, आणि आपल्याकडे निजामाची लेव्ही, म्हणजे पिकलेल्यातलं सरकारला घालायचं. तरी ज्या घरात दर महिन्याला रोकड येते ते घर गावात उजवं.

पण ती मनीऑर्डर कोणाच्या नावाने? आजींनी दिलेलं ते कार्ड मी दुसऱ्या दिवशी नीट उलगडलं. ते फौजेतून सुटल्याचं कार्ड, त्यात नंबर, पलटण, उंची, खुणा, सगळं. वारसाच्या रकान्यात सासऱ्यांच्या थोरल्या भावाचं नाव. बायकोचं नाव कार्डात कुठेच नाही. आजी म्हणाल्या, "पैसा भावाकडेच यायचा. सासूबाईंना लुगडं लागलं तर जावेकडे मागायच्या." मी त्या भावाला दोष देत नाही, तेव्हाची रीतच ती. पण कुंकवाचा धनी लढाईवर, पैसा त्याच्या रक्ताचा, आणि लुगड्यासाठी जावेसमोर हात. गटात बसलेल्या एकजात सगळ्या बायका गप्प झाल्या. आपल्या बचत खात्याच्या पासबुकावर स्वतःचं नाव पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय वाटलं होतं, ते बहुतेक प्रत्येकीला आठवलं असावं.

नावाचा प्रश्न बायकांचाच नव्हता, साध्या सैनिकाचाही होता. पहिल्या महायुद्धानंतर ठरलं होतं की मेलेल्या प्रत्येक सैनिकाला सारखा मान द्यायचा. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या स्मारकावर हिंदी सैनिकांची नावं खरंच कोरली. पण इराकमध्ये बसऱ्याला जे मोठं स्मारक बांधलं, तिथे अधिकाऱ्यांची नावं आणि साध्या हिंदी सैनिकांचा नुसता आकडा. अमुक पलटण, आणि इतके इतर. कुतला आणि आजूबाजूला मेलेले आपले बहुतेक लोक त्या आकड्यात गेले. या स्मारकांचं काम बघणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ साली स्वतःच चौकशी करून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी. आपल्याकडेही बऱ्याच गावांत चावडीजवळ, देवळाच्या भिंतीत, शाळेत एक संगमरवरी पाटी असते, या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यांतले इतके मेले. तिथेही आकडाच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला, ज्याला मिलिटरी अपशिंगे म्हणतात, पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले, त्याचं स्मारक गावात आहे. गावाला नावं माहीत आहेत म्हणून बरं. महारांची १११ नंबरची पलटण १९१७ ला उभी केली आणि लढाई संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. गरज सरल्यावर माणसं घरी पाठवली. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली, ती आजतागायत आहे. आपल्या किती वस्त्यांमध्ये त्या पलटणीची पेन्शन येते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आता कामाचं बोलू, वेळ थोडा राहिला आहे.

घरात जुनं पदक असेल तर ते घासू नका. चिंच नको, राख नको, लिंबू नको. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर, रुपयाला जिथे दाते असतात तिथे, बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ती अक्षरं म्हणजे तुमच्या घरातल्या माणसाचा दाखला. त्यातलं एक पदक चांदीचं होतं, म्हणून कित्येक घरांत ते मोडून पोरीच्या वाळ्या झाल्या. झाल्या त्या झाल्या. ज्यांच्याकडे उरलंय त्यांनी सोनाराकडे नेण्याआधी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढावा. कागद असेल तर घडी मोडून सपाट ठेवा, प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. जे लढाईत वारले त्यांची नावं त्या राष्ट्रकुल आयोगाच्या यादीत मोबाइलवर फुकट शोधता येतात. स्पेलिंग मात्र दोनचार तऱ्हेने घालून बघा. जाधवचं जाधाव, नामदेवचं नामदेओ, साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय. मराठा लाइट इन्फंट्रीचं मुख्य ठाणं बेळगावला आहे, जुन्या नोंदींसाठी तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर घालून अर्ज करतात. नंबर सगळ्यात महत्त्वाचा. नाव चुकेल, नंबर चुकत नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन दरमहा अनुदान देतं. अशी एखादी आजी तुमच्या गावात अजून असेल आणि तिने अर्ज केलेला नसेल, तर तिला घेऊन शहरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आता त्या आजी नव्वदीच्या पुढच्या असतील, तेव्हा पुढच्या महिन्यावर टाकू नका.

आणि ज्यांचे नवरे, मुलं आज फौजेत आहेत त्यांनी हे ऐका. आमच्या एका गटात जवानाची बायको आहे, लग्नाला सहा वर्षं झाली, दोन लेकरं. तिचं नाव नवऱ्याच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. धाकट्या लेकराची नोंदच नव्हती. एका कचेरीत गेली तर सांगितलं, नवरा आला की बघू. तो रजेवर आल्यावर आम्ही बसून लग्नाचा दाखला, लेकरांचे जन्मदाखले, आधार सगळं एका फाइलला लावलं. त्याने पलटणीत जाऊन पार्ट टू ऑर्डर करून घेतली. लग्न, मूल, नावातला बदल, प्रत्येक गोष्टीची ही ऑर्डर निघावी लागते. ती निघाली तर बायको फौजेच्या कागदावर बायको. नाहीतर उद्या काही झालं तर फॅमिली पेन्शनसाठी स्वतःलाच सिद्ध करत बसायचं. नवरा रिटायर झाला असेल तर पीपीओ काढून बघा, त्यावर तुमचं नाव आणि जन्मतारीख आहे का, आणि ती आधारशी जुळते का. पेन्शनीचा हयातीचा दाखला आता 'स्पर्श'वर दरवर्षी द्यावा लागतो, तो चुकला तर पेन्शन थांबते. हे बोलायला अवघड जातं. नवऱ्यासमोर पेन्शनचं काढलं तर सासू म्हणते, अभद्र बोलू नको. त्या सासूला आजींच्या सासूबाईंची लुगड्याची गोष्ट सांगा.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीला आपण 'फौजी कागद' असा अर्धा तास ठेवलाय. ज्यांच्या घरात कोणी सैन्यात आहे किंवा होतं, त्यांनी पुरचुंडी, पेटी, जे असेल ते घेऊन या. नंबर वाचायला जमत नसला तर मी आणि आपल्या दोन बारावी झालेल्या पोरी आहोत. आजींचं कार्ड आम्ही उतरवून घेतलं, बेळगावला अर्ज गेला आहे. उत्तर आलं की याच रेडिओवर सांगेन. अर्जात सासऱ्यांच्या नावाखाली त्यांच्या पत्नीचं नाव आम्ही घातलंय. आजींनी ते आठवून सांगायला थोडा वेळ घेतला, कारण त्यांना घरात सगळे "थोरल्या काकी" म्हणायचे. नाव होतं, सरूबाई.